लहान स्वयंपाकघराच्या भिंती

न्यायशास्त्राचे पहिले पाठ ज्यांनी घेतले आहेत, त्यांस स्वयंपाकघराचा दृष्टांत सांगावयास नको. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त धुरावरून अग्नीचे अनुमान शिकविताना स्वयंपाकघराचेच उदाहरण घेतले आहे, कारण धूर आणि अग्नी यांची सोबत मनुष्य प्रथम तेथेच पाहतो. शाळेत संस्कृत शिकवीत असता आम्ही हा दृष्टांत वर्षानुवर्षे दिला. नोकरीच्या अखेरच्या दिवसांत एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “सर, आमच्या स्वयंपाकघरात धूर होतच नाही.” वर्ग हसला, आम्हीही हसलो. गॅसच्या शेगडीपुढे नैयायिकांचा काही इलाज चालत नाही, हे आम्हांस मान्य करावे लागले.

धूर गेला, म्हणून भिंती स्वच्छ राहिल्या, असे मात्र नाही. फोडणीत मोहरी तडतडली की तेलाचे बारीक तुषार वाफेबरोबर वर चढतात आणि भिंतीवर बसतात. त्यावर पिठाची धूळ बसते, हळद बसते. आमच्या भिवंडीत ज्यांच्या शेजारी यंत्रमाग चालतात, त्यांच्याकडे कापसाचे सूक्ष्म तंतूही येऊन त्या तेलकट थरास चिकटतात. शिवाय पावसाचे चार महिने हवा अशी ओली असते की, चुन्याच्या किंवा रंगाच्या भिंतीस पापुद्रे सुटल्यावाचून राहत नाहीत. तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीस चकचकीत लादी, म्हणजे ज्यास आज सर्रास टाइल म्हणतात ती, लावणे ही चैन नसून सोय आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न उरतो तो इतकाच की, ती कोणती असावी, कशी बसवावी आणि मुख्यतः कोणी निवडावी. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आम्ही एकदा चुकलो, आणि ती चूक दुरुस्त होण्यास वीस वर्षे लागली. आमच्यासारख्या दुसऱ्या कोणा गृहस्थाची वीस वर्षे वाचावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घर भिवंडीच्या जुन्या वस्तीत आहे. वडिलोपार्जित घराची वाटणी झाली, तेव्हा प्रशस्त स्वयंपाकघर चुलतबंधूंकडे गेले आणि आमच्या वाट्यास कोठीची खोली आली. तिची लांबी आठ फूट, रुंदी सात फूट, आणि उत्तरेकडे एकच खिडकी. एवढ्या जागेत नऊ माणसांचा स्वयंपाक, सणावारी त्याच्या दुप्पट. २००४ साली आम्ही या खोलीस ओटा बांधून भिंतींना लाद्या लावण्याचे ठरविले. ठरविले आम्ही, दुकानात गेलो आम्ही, आणि निवड केली तीही आम्हीच. दुकानातील दहा दिव्यांच्या झगझगाटात गडद तपकिरी रंगाची, मध्ये मध्ये द्राक्षांचे घोस काढलेली लादी आम्हांस फार उमदी वाटली. दुकानदाराने सांगितले, “मास्तर, हिच्यावर डाग दिसत नाहीत.” डाग न दिसणे आणि डाग नसणे यांतील भेद तर्क शिकविणाऱ्या माणसास त्या वेळी सुचला नाही. खाली फरशीही त्याच रंगाची, तशीच चकचकीत घेतली. ज्यांना त्या खोलीत रोज सहा-सात तास उभे राहावयाचे होते, त्यांस आम्ही विचारले नाही. विचारावयाचे असते, हेच मनात आले नाही, ही खरी गोष्ट आहे.

त्या काळी भिवंडीत भारनियमन नित्याचे होते. पुढल्या वर्षीच्या आषाढातील एका संध्याकाळी दिवे गेले. खिडकीतून जो काही उजेड येत होता, तो त्या तपकिरी भिंतींनी मुळीच परत दिला नाही. फरशीवर थोडे पाणी सांडलेले होते. ते दिसले नाही. आमटीचे पातेले उतरवून घेत असता आमच्या पत्नीचा पाय घसरला आणि डावे मनगट मोडले. आमटी दुसऱ्या बाजूस सांडली, हे दैव. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. घरातील सर्वांनी दोष पावसास दिला, अंधारास दिला, थोडासा त्यांच्या घाईसही दिला. भिंतींना कोणी दिला नाही. त्यांनी स्वतःही अवाक्षर काढले नाही.

२०२४ च्या माघात ओट्याखालची नळी गळू लागली व भिंत फोडावी लागली, तेव्हा नव्या लाद्यांचा विषय निघाला. आम्ही सहज म्हणालो, “त्याच प्रकारच्या मिळतात का पाहू.” त्यावर पत्नी हातातील काम न थांबविता म्हणाल्या, “अहो, एवढे एक करू नका. त्या भिंती उजेड गिळतात. वीस वर्षे मी दिवसाढवळ्या दिवा लावून तांदूळ निवडते आहे.” आम्ही काही वेळ काहीच बोललो नाही. मनगट मोडल्याची ती संध्याकाळ त्या दिवशी आम्हांस प्रथमच नीट दिसली.

जुन्या स्वयंपाकघरात ही अडचण निराळ्या रीतीने सुटत असे. चुलीस रोज पोतेरे, भुईस आठवड्याने सारवण, आणि भिंतीस दिवाळीपूर्वी चुन्याचा हात, हा क्रम होता. श्रम पुष्कळ होते, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ती भिंत दरवर्षी नवी होत असे, आणि केलेली चूक चुन्याच्या एका हाताने झाकता येत असे. लादी तशी नाही. ती एकदा बसली की वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. म्हणूनच तिची निवड साडीच्या निवडीपेक्षा अधिक सावधपणे केली पाहिजे. साडी न आवडल्यास पेटीत ठेवता येते.

आता लादीविषयी थोडे. आजची लादी ज्या रीतीने होते, तिचे मूळ इंग्लंडात रिचर्ड प्रॉसर याने १८४० साली घेतलेल्या एकस्वात आहे. ओल्या मातीचे थापे घालण्याऐवजी जवळजवळ कोरडी भुकटी यंत्रात दाबून घट्ट करावयाची, ही ती युक्ती. हर्बर्ट मिंटन याने ती लाद्यांसाठी उचलली, आणि मिंटनच्या लाद्या मुंबईपर्यंत आल्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची जमीन ज्यांनी पाहिली असेल, त्यांस त्या आठवतील. पुढे १९२२ साली मुंबईत सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भावनेने ‘भारत’ लाद्यांचा कारखाना काढला. त्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या जमिनीसाठी होत्या, आणि जुन्या घरांत त्या अजूनही टिकून आहेत. भिंतीच्या झिलईदार लाद्यांसाठी जॉन्सन कंपनी येथे १९५८ साली स्थापन झाली. आज देशातील बहुतेक लाद्या गुजरातेतील मोरबी येथे होतात, आणि आपल्या गावातील दुकानात जो माल दिसतो, तोही बहुधा तेथलाच असतो.

भिंतीची लादी व जमिनीची लादी या दिसावयास सारख्या असल्या, तरी जातीने भिन्न आहेत. भिंतीच्या लादीचे अंग सच्छिद्र असते. ते आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिते. ज्यास व्हिट्रिफाइड म्हणतात, ती लादी अर्धा टक्काही पीत नाही. पाठीवर चमचाभर पाणी टाकून पाहिले म्हणजे हा भेद तत्काळ कळतो. भिंतीस पहिली जात पुरते, कारण तिच्या तोंडावर काचेसारखी झिलई असते आणि डागास अडविणारी तीच. ती हलकी असते, कापावयास सोपी असते, आणि सिमेंटला चांगली धरते. मात्र हीच लादी स्वस्त मिळते म्हणून जमिनीस लावू नये. पायाखाली ती टिकत नाही.

झिलई दोन प्रकारची, चकचकीत आणि मंद. मंद झिलई डोळ्यांस सौम्य वाटते, आणि सध्या तिचा प्रघात आहे. परंतु तिचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्यामुळे शेगडीमागे ती तेल धरून ठेवते. यावर उत्तम उपाय म्हणजे परीक्षा. दुकानातून एकेक नमुना घरी आणावा, त्यावर तेलात कालवलेली हळद लावावी, रात्रभर ठेवावी व सकाळी साध्या ओल्या फडक्याने पुसावी. आमच्या घरी पाच नमुन्यांची ही परीक्षा झाली. दोन उत्तीर्ण झाले, एकास काठावर सोडले, आणि दोन मंद झिलईचे नमुने हळदीसह परत गेले. त्यांचे पैसे भरावे लागले, परंतु ती शिकवणीची फी समजावी.

रंगाची परीक्षा दुकानात होतच नाही. नमुना आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच ओट्यामागे उभा करावा आणि तीन वेळा पाहावा: सकाळी खिडकीच्या उजेडात, दुपारी, आणि रात्री दिव्याखाली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात राजाच्या स्वयंपाकघराचे वर्णन आहे. ते प्रशस्त असावे, शुद्ध असावे, त्यास पुष्कळ खिडक्या असाव्यात व खिडक्यांस जाळ्या असाव्यात, असे तेथे सांगितले आहे. प्रशस्तपणा आपल्या हाती नाही, खिडक्याही शेजाऱ्याच्या भिंतीने ठरविलेल्या असतात. उरतो तो उजेड. ज्या खोलीत खिडकी एकच, तेथे फिकट रंगाची भिंत ही दुसऱ्या खिडकीचे काम करते, हे आम्ही आता अनुभवाने सांगतो. पांढरी, दुधी, फिकट पिवळी यांपैकी काहीही घ्यावे. फिकट लादीवर डाग दिसतो, अशी तक्रार करतात. परंतु तो दिसावा हेच इष्ट आहे. दिसला म्हणजे पुसला जातो.

आता मापाचा हिशेब, कारण बहुतेक पैसे येथे वाया जातात. दुकानात ज्यास एक फूट बाय दोन फूट म्हणतात, ती लादी वस्तुतः ३०० बाय ६०० मिलिमीटरची असते, म्हणजे फुटास जवळजवळ पाच मिलिमीटर कमी. आठ फुटांच्या भिंतीवर उभ्या आठ लाद्या मांडल्या, तर दोन मिलिमीटरचे सांधे धरूनही अखेरीस सुमारे दोन सेंटिमीटरची फट उरते, आणि गवंडी तेथे चिंचोळी पट्टी ठोकून देतो. ती पट्टी जन्मभर डोळ्यांत खुपते. त्यापेक्षा मध्ये सात अखंड लाद्या लावून दोन्ही टोकांस सोळा-सोळा सेंटिमीटरचे सारखे तुकडे घ्यावेत. सात फुटांच्या भिंतीस त्याच न्यायाने सहा अखंड व दोन तुकडे. ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत दोन फूट उंची धरल्यास उभी लादी आडव्या सांध्यावाचून बसते, आणि उरलेला बोटभर फरक कपाटामागे झाकतो. याप्रमाणे आमच्या दोन भिंतींस सतरा लाद्या लागल्या. फुटतुटीसाठी एक दशांश, म्हणजे दोन, आणि घरात जपून ठेवावयास चार, अशा एकूण तेवीस घेतल्या. पेट्यांवर रंगछटेचा क्रमांक छापलेला असतो. सर्व पेट्यांवर तो एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. कारण भट्टी बदलली की छटा बदलते, आणि पुढे हीच लादी मिळेल अशी आशा व्यर्थ आहे. त्या चार लाद्या माळ्यावर ठेवाव्यात व कोठे ठेवल्या ते लिहून ठेवावे.

लादी कितीही चांगली असली, तरी ती बसविणाऱ्या हाताइतकीच चांगली. गवंड्यापाशी ओळंबा व पाणसळ असावी, आणि तो ती वापरीत असावा. भिंतीत ओल असल्यास प्रथम ओलीचे मूळ शोधावे. लादी ओल झाकते, थांबवीत नाही. भिवंडीसारख्या गावी हे काम माघ-फाल्गुनातच उरकून घ्यावे, ज्येष्ठाची वाट पाहू नये. सिमेंटच्या मालावर बसवावयाच्या सच्छिद्र लाद्या आधी पाण्यात भिजवाव्या लागतात, नाही तर त्या मालातील पाणी शोषून घेतात व पुढे सुटतात. हल्ली मिळणाऱ्या चिकट मिश्रणास मात्र भिजवणीची गरज नसते; पिशवीवरील सूचना वाचावी. काम वाळल्यावर प्रत्येक लादीवर नाण्याने टिचकी मारावी. पोकळ आवाज आल्यास ती तेव्हाच काढून पुन्हा बसवून घ्यावी. पैसे चुकते झाल्यावर हा आवाज कोणासही ऐकू येत नाही.

आणि सांधे! स्वयंपाकघराची भिंत मळते ती लादीवर नव्हे, सांध्यांत. साधे पांढरे सिमेंट हळद व तेल पिते आणि वर्षभरात पिवळे पडते. एपॉक्सीचे मिश्रण महाग पडते, बसविण्यास कुशल हात लागतो, परंतु ते काही पीत नाही. सगळ्या घरास ते परवडले नाही, तरी शेगडीमागील व मोरीजवळील सांध्यांस तेवढे तरी अवश्य वापरावे.

ही एपॉक्सीची गोष्ट आम्हांस आमच्या सूनबाईंनी सांगितली, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांचे आणि त्यांच्या सासूबाईंचे रंगाविषयी एकमत नव्हते. सूनबाईंस करड्या रंगाची मंद लादी हवी होती, आणि त्यांची बाजूही निराधार नव्हती. तशी स्वयंपाकघरे त्यांनी मैत्रिणींकडे पाहिली होती व ती सुरेख होती. परंतु त्या घरांत दोन खिडक्या होत्या. नमुने ओट्यामागे उभे करून तीन दिवस ठेवले, तेव्हा वाद आपोआप मिटला; निकाल उजेडाने दिला, सासूने नव्हे. करडा रंग ओट्याखालच्या कपाटांस दिला, आणि तो तेथे शोभतोही. वरच्या कपाटाच्या तळाशी दिव्याची एक बारीक पट्टी लावावी, म्हणजे चिरताना आपलीच सावली हातावर पडत नाही, ही सूचनाही त्यांचीच. साऱ्या कामात इतका थोडा खर्च आणि इतका मोठा उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही.

शेवटच्या किरकोळ गोष्टी किरकोळ नसतात. ओट्याची उंची उभे राहणारीच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावी. ती मापूनच ठरवावी, शेजारच्या ओट्यावरून नव्हे. ओट्यास कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे. लिंबू, चिंच, आमसूल यांच्या आंबटाने त्याचा तकाकीचा थर जातो व पांढरे डाग राहतात. कोकणी स्वयंपाकास काळा ग्रॅनाइट बरा. प्लगच्या जागा लाद्या बसण्यापूर्वी ठरवाव्यात. मिक्सरसाठी पुढे भिंत फोडणे नको. आणि खालची फरशी कदापि चकचकीत नसावी. भिंत चमकावी, जमीन चमकू नये. एवढे एक वाक्य कोणी लक्षात ठेवले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

तात्पर्य, भिंत निवडण्याचा अधिकार तिच्यापुढे उभे राहणाराचा आहे. खर्च देणाराने खर्चाची मर्यादा सांगावी आणि बाजूस व्हावे. आपल्या घरांत अन्नपूर्णेची पूजा होते, तिला नैवेद्यही दाखविला जातो. परंतु तो नैवेद्य जी रांधते तिला दिसते की नाही, याची चौकशी करावयाची राहून जाते. आमच्या घरी ती वीस वर्षे राहून गेली. ज्यांच्या घरी स्वयंपाक पुरुष करीत असतील, त्यांनी हेच आपल्यास लागू समजावे.

दुधी रंगाच्या साध्या लाद्या बसून स्वयंपाकघर पुन्हा सुरू झाले, तो फाल्गुनातला दिवस होता. बाकीची मंडळी गृहप्रवेशाच्या थाटात आत-बाहेर करीत होती. सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही दारातून डोकावलो, तर पत्नी ओट्यापाशी उभ्या राहून सुपात तांदूळ निवडीत होत्या. सवयीने आम्ही बटणाकडे हात नेला. “राहू दे,” त्या म्हणाल्या, “खडा दिसतो आहे.”